वीणाने केलेली मुलगी

वीणा सक्सेनाने डाव्या बाहीचं टोक ओढून मुठीत धरलं, उजव्या पावलाची बोटं डाव्या पावलावर चढवली आणि खालचा ओठ आत घेऊन एकदा गिळलं. समोरच्या खुर्चीवर बसलेल्या सुलभाला, जिना संपला म्हणून पाऊल टाकावं आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं झालं. खोलीतल्या बाकीच्यांना यात काही विशेष दिसलं नाही. दिसण्याचं कारणही नव्हतं. मेडिकल कॉलेजच्या वरच्या मजल्यावरची ती लांबट खोली, भिंतीशी लावलेल्या खुर्च्या, त्यांवर लखनौच्या निरनिराळ्या शाळांमधून आलेले शिक्षक, कुणाच्या मांडीवर पर्स, कुणाच्या स्वेटरची सुरू असलेली बाही, आणि मधोमध या दोन खुर्च्या समोरासमोर. एकीवर बसणाऱ्याने मूल व्हायचं, दुसरीवरच्याने शिक्षक. मुलांच्या मनाची दुखणी शिक्षकांना ओळखता यावीत म्हणून डॉक्टर कांचन माथुर गेले काही शनिवार हे प्रशिक्षण घेत होत्या आणि आज त्यांनी हा खेळ काढला होता. मूल होणाऱ्याने आपल्या वर्गातलं एक खरं मूल मनात धरायचं, तसं बसायचं, तसं बोलायचं, नाव मात्र कुणालाही सांगायचं नाही. वीणाने मनात कुणाला धरलं आहे, हे त्या खोलीत एकट्या सुलभाला कळलं. तिच्याच मुलीला. स्वरदाला.

"पूछिए, मैम," डॉक्टर म्हणाल्या. सुलभाने विचारलं, "क्या हुआ, बेटा?" पंधरा वर्षं हाच प्रश्न विचारत आल्यामुळे तो तोंडातून आपोआप निघाला. वीणाने मान हलवली. सुलभाने विचारलं, पेट दुखता है? होमवर्क नहीं हुआ? किसी ने मारा? वीणाने प्रत्येक प्रश्नाला जमिनीकडे बघत मान हलवली, आणि मग अगदी हलक्या आवाजात, बोलावं की नाही अशा बेताने म्हणाली, "जब प्रेयर की घंटी बजती है ना, तब यहाँ..." तिने गळ्याखाली हात नेला, "...कुछ कसने लगता है. लगता है मर जाएँगे." सुलभाचा उजवा हात तिच्या नकळत कानामागे गेला. "जरा जोर से बोलो. सुनाई नहीं दिया." वीणाचं तोंड मिटलं. मुठीतली बाही आणखी आत ओढली गेली. "कुछ नहीं, मैम. ऐसे ही." खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. डॉक्टर कांचन जागच्या उठल्या नाहीत, पण पुढे झुकून अगदी मऊपणे म्हणाल्या, "केतकर मैम, सुनाई तो दिया था. है ना?"

यानंतर पहिल्यांदा काळजी वाटायला हवी होती. आईला ती वाटावी, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण सुलभाला आधी वाटली ती वेगळीच गोष्ट. दोरीवर वाळत घातलेली आपली साडी शेजारणीच्या अंगावर दिसावी आणि वर ती तिला शोभतही असावी, तसं काहीतरी. पायावर पाय चढवून उभं राहणं स्वरदा चौथ्या वर्षी शिकली, सुट्टीत सांगलीच्या सासरच्या घरात, थंडगार फरशीवर अनवाणी उभी असताना. ओठ आत ओढायची लकब गोवर झाला त्या वर्षीची. या गोष्टी रमाकांतलादेखील माहीत नव्हत्या. नवऱ्याला दाखवल्या असत्या तर तो म्हणाला असता, "असं करते का? बरं." या सुलभाच्या होत्या. लग्नात आलेली चांदीची भांडी असतात तशा; वापरायच्या नाहीत, दाखवायच्या नाहीत, पण कपाटात आहेत हे माहीत असलेल्या. आणि ही वीणा, तीन वर्षांपूर्वी सुलभाच्याच शाळेत आलेली, निशातगंजमध्ये आईबरोबर राहणारी, लग्न न केलेली, ही कपाट उघडून सगळं घेऊन आली होती आणि चारचौघांत मांडून बसली होती. एक भांडं चुकलं नव्हतं. तेच जास्त लागलं. निदान ओठाचं तरी चुकायचं.

मधल्या सुट्टीत चहा आला. त्यांच्याच शाळेचे पी.टी. सर जयसिंग आपला मातीचा कुल्हड हलवत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हमारे जमाने में तो मास्साब की एक बेंत होती थी, उसी में सारा डिप्रेशन निकल जाता था." दोघीतिघी हसल्या. वीणा म्हणाली, "तभी तो सर, आप आज तक बेंत लेकर घूमते हैं. जो निकला नहीं, वही ढूँढ रहे हैं." सगळे हसले, जयसिंगसर सगळ्यांत जास्त हसले. सुलभालाही हसू आलं आणि त्याचाच तिला राग आला. वीणाचं हे असंच होतं. ती बोचेल असं बोलायची आणि ज्याला बोचलं तोच तिला चहा आणून द्यायचा. तिच्या आवाजात लखनौचं ते लोणी होतं, जे सुलभाला पंधरा वर्षं या शहरात भाजी घेऊन, रिक्षावाल्यांशी भांडून, मुलांच्या वह्या तपासूनही लागलं नव्हतं. सुलभाची हिंदी बरोबर असायची, पण ती इस्त्रीच्या कपड्यासारखी बरोबर असायची. वर्गात पाठ वळली की मुलं तिची नक्कल करत, हे तिला ठाऊक होतं. वीणाची नक्कल कुणी करत नसे. वीणासारखं व्हायला बघत. चिकनची ओढणी एका खांद्यावर टाकून ती व्हरांड्यातून निघाली की सातवीच्या मुली आपापल्या युनिफॉर्मच्या ओढण्या तशा टाकत आणि घंटा झाली की पुन्हा दोन्ही खांद्यांवर घेत. आधी प्रिन्सिपल साहेब म्हणायचे, "बच्चों को समझना हो तो केतकर मैम से पूछिए." अलीकडे हे वाक्य त्यांनी बंद केलं नव्हतं, फक्त त्यात 'और वीणा से' एवढं वाढलं होतं. प्रशिक्षणाचं पत्रक आलं तेव्हा सुलभाने आपलं नाव सर्वांत आधी दिलं. प्रिन्सिपल म्हणाले, बहुत अच्छे, वीणा भी चली जाए, यंग है. म्हणजे आपण काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि सुलभाने विचारलं नाही. आणि गंमत म्हणजे जूनमध्ये— नाही, इथे जुलैमध्ये— शाळा सुरू झाली आणि स्वरदा वीणाच्या वर्गात गेली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद सुलभालाच झाला होता. चला, तेवढीच हिंदी सुधारेल कवितांची, असं ती रमाकांतला म्हणाली होती.

प्रशिक्षण सुटल्यावर सुलभा कुणाशी न बोलता निघाली. चौकाच्या तोंडाशी चारबागचा टेंपो भरत होता. ती आत शिरून बसली तोच शेजारी अत्तराचा वास येऊन टेकला. "वीणा, निशातगंज उधर है," सुलभा म्हणाली. "आपको उल्टा पड़ेगा." "पड़ने दीजिए, दीदी," वीणा म्हणाली. टेंपोवाला 'चारबाग, चारबाग' ओरडत आणखी दोघांना कोंबू बघत होता. समोरच्या बाकावर एक म्हातारा मांडीवर चिकनच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन बसला होता आणि त्याचे गुडघे सुलभाच्या गुडघ्यांना लागत होते. टेंपो हलला, इंजिनाच्या आवाजात बोललेलं फक्त शेजारच्याला ऐकू जावं इतकी सोय झाली, आणि वीणा म्हणाली, "नाराज हैं?"

"सबके सामने मेरी बेटी का तमाशा किया आपने."

"सबके सामने किसी का नहीं किया. नाम हमने लिया नहीं. बस आप पहचान गईं." आणि वर, "हम यही चाहते थे."

"सीधे मुँह से नहीं बोल सकती थीं?"

"बोला तो था, दीदी. कितनी बार."

बोलली होती. सुलभाला आठवलं, आणि आठवलं तेही असं की ते विसरलेलं नव्हतंच, नुसतं दुसऱ्या कप्प्यात टाकलेलं होतं. दसऱ्याच्या आधी स्टाफरूममध्ये वीणा म्हणाली होती, "स्वरदा बिटिया तो आजकल इतनी खामोश रहती है कि पूछिए मत." आणि सुलभाने चष्मा पुसत उत्तर दिलं होतं, "हमारे यहाँ लड़कियों को ऐसे ही सिखाते हैं. बहुत बोलना अच्छा नहीं लगता." पुन्हा एकदा, दिवाळीनंतर, "दीदी, बिटिया का चेहरा जरा उतरा हुआ सा लगता है," आणि सुलभा म्हणाली होती, बाहेरचे बताशे, म्हणजे पाणीपुरी, खात असेल, मी ओवा देते आहे. म्हणजे तिने खरोखरच ओवा दिला होता. सकाळी पोटात दुखतं म्हणाली की ओवा, काळं मीठ आणि वर गरम पाणी, आणि मुलगी शहाण्यासारखी गिळायची आणि शाळेत जायची. इथली माणसं वाईट बातमीसुद्धा ताटावर रुमाल झाकून आणतात. रुमाल उचलून बघायचा असतो. सुलभाने प्रत्येक वेळी रुमालाच्या भरतकामाचं कौतुक केलं होतं आणि ताट परत पाठवलं होतं.

वीणा सांगत होती. प्रेयरच्या वेळी स्वरदाला घाम येतो, हात गार पडतात, ओळीत उभी असताना तिला वाटतं आपण आता पडणार आणि सगळे बघणार. रात्री दुसऱ्या दिवशीच्या घंटेच्या भीतीने झोप येत नाही. मधल्या सुट्टीत ती वाचनालयाच्या खोलीत वीणाजवळ येऊन बसते. आधी नुसती बसायची, आता बोलते. "डॉक्टर माथुर कह रही थीं, ये ठीक हो जाता है. पर उन्हें दिखाना चाहिए. हमने उन्हें भी नाम नहीं बताया. आपकी हाँ के बिना हम कैसे ले जाएँ?" सुलभा ऐकत होती आणि त्यातलं नेमकं चुकीचं वाक्य तिच्या मनात रुतून बसलं होतं. आता बोलते. ही मुलगी मधल्या सुट्टीत बोलते. घरी ती 'भूक नाही' म्हणते, 'वह्या संपल्या' म्हणते, 'पाणी तापलं का' म्हणते. सुलभाच्या डोक्यात एक वाक्य आलं, हिला काय कळतंय मुलांचं, पोटी मूल असतं तर... आणि अर्ध्यावर ते तिने सोडलं, पण सोडण्याआधी त्याची चव घेतली. उद्या प्रिन्सिपलना सांगितलं, की आई आणि मुलगी एकाच शाळेत, वीणा आणि मी मैत्रिणी, बरं दिसत नाही, स्वरदाला दुसऱ्या तुकडीत टाका, तर ते परवाच टाकतील. तेवढं आपलं वजन अजून आहे. हे तिला इतकं स्वच्छ दिसलं, की तिने टेंपोची दांडी घट्ट धरली.

"घर की बात है," ती म्हणाली. "हम देख लेंगे."

"जी," वीणा म्हणाली. या शहरात 'जी' म्हणजे हो नसतं. ते म्हणजे दार हळूच लावून घेणं असतं. चारबागला उतरल्यावर ती परत फिरण्यासाठी रस्ता ओलांडायला निघाली, पुन्हा मागे आली आणि म्हणाली, "दीदी, उसे डाँटिएगा मत कि हमसे क्यों बोली." आणि गर्दीत ती पांढरी ओढणी दिसेनाशी झाली.

घराकडे जाणाऱ्या मानक नगरच्या टेंपोत सुलभाला खिडकीची जागा मिळाली. आलमबागच्या दुकानांमधले दिवे लागत होते. डॉक्टर कांचन म्हणाल्या होत्या, सुनाई तो दिया था. तो हात कानामागे कधी जायला लागला? स्वरदा चार वर्षांची असताना मे महिन्यात सांगलीला गेले होते सगळे, आणि जेवायला बसल्यावर स्वरदा म्हणाली होती, "आई, मी अभी नहीं खाएगी." पंगतभर मुलं खिदळली. थोरली जाऊ शुभदा वाढता वाढता म्हणाली, "अगं बाई, ही तर पक्की भय्यीण झाली!" हसतच म्हणाली. वाईट बाई नव्हती शुभदा. पण सुलभाच्या हातातला घास कोरडा झाला. सासरच्या माणसांना आपण इतक्या लांब संसार मांडल्याचं कौतुक नव्हतंच. आता पोरही हातची गेली म्हणतील. परतीच्या गाडीत तिने नियम केला. उंबऱ्याच्या आत मराठी. आणि तो मारून मुटकून नाही, खेळातून. स्वरदा हिंदीत काही म्हणाली की सुलभा हात कानामागे न्यायची, भुवया उंचावायची, "काय? मला ऐकू नाही आलं बाई," आणि स्वरदा हसत हसत तेच मराठीतून म्हणायची. किती गोड खेळ होता तो. रेल्वेच्या क्वार्टर्समधल्या इतर मराठी बायका बघायला यायच्या. दोन वर्षांत मुलगी अशी बोलायला लागली की सांगलीत शुभदाने तोंडात बोट घातलं. सुलभाच्या आयुष्यात दाखवण्यासारख्या ज्या थोड्या गोष्टी होत्या त्यांत ही पहिली. तिच्या लक्षात आलं नव्हतं ते एवढंच, की घरातलं मराठी घरातल्याच वस्तूंइतकं वाढलं. पोळी, अंघोळ, दप्तर, देव, ताप. मुलगी तेरा वर्षांची झाली, तिच्यात शाळा वाढली, मैत्रिणी वाढल्या, भांडणं, लाज, भीती सगळी बाहेर वाढली आणि बाहेरच्या भाषेत वाढली. उंबऱ्याशी आल्यावर ती चपलांबरोबर ते सगळं काढून ठेवत असणार.

आणि ती संध्याकाळ. ती सुलभाला आठवायची नव्हती, पण टेंपो रेल्वे फाटकाशी थांबला आणि थांबलेल्या टेंपोत माणसाला काही टाळता येत नाही. ती पोळ्या करत होती. स्वरदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, पायावर पाय चढवून. मग म्हणाली, "मम्मी, मुझे अच्छा नहीं लग रहा." आई नव्हे, मम्मी. तव्यावर पोळी फुगली होती. सुलभाचा पिठाचा हात कानामागे गेला, भुवया वर झाल्या, तोंडावर तो जुना खेळकर भाव आला. "काय म्हणालीस? ऐकू नाही आलं." स्वरदा तिच्याकडे बघत राहिली. "काही नाही," ती शुद्ध मराठीत म्हणाली, आणि गेली. सुलभा आरशासमोर गेली तेव्हा कानाला पीठ लागलेलं होतं आणि ती एकटीच हसली होती.

घरात रमाकांत पेपर वाचत बसला होता. "झालीस का मनकवडी?" त्याने पेपराआडून विचारलं. "मग ओळख बघू माझ्या मनात काय आहे." "चहा," सुलभा म्हणाली. "वा! सरकारचा पैसा वसूल." एरवी तिने यावर काही ठेवून दिलं असतं. आज ती सरळ आतल्या खोलीत गेली. स्वरदा टेबलाशी नकाशा रंगवत होती; गंगा निळी करून झाली होती, गोमती अजून कोरी होती. सुलभा पलंगाच्या कडेला बसली. टेंपोत ठरवलेलं वाक्य तिने घशातून काढलं. "स्वरदा, बेटा... क्या बात है? मुझे बताओगी?"

स्वरदाने वर पाहिलं. तिच्या तोंडावर जे आलं ते आनंदासारखं काही नव्हतं. आईने लग्नाला जाताना चुकून दुसऱ्याच कुणाच्या चपला घालाव्यात आणि आपल्या लक्षात यावं, तशी ती ओशाळली. "आई, तू हिंदी नको ना बोलू."

"का गं?"

"कसंतरी वाटतं."

सुलभाला वाटलं, संपलं. नऊ वर्षं बंद ठेवलेली खिडकी हाताने लोटली की उघडते असं थोडंच आहे. लाकूड फुगलेलं असतं. बाहेर रमाकांतने स्वतःच चहा ठेवल्याचे आवाज येत होते, म्हणजे डबे पडत होते. सुलभा म्हणाली, "प्रेयरच्या वेळी तुला काही होतं का?" रंगाचा ब्रश नकाशावर टेकला आणि समुद्रात एक निळा ठिपका पसरला. स्वरदा म्हणाली, "वीणा मैमनी सांगितलं तुला? त्यांनी प्रॉमिस केलं होतं."

ही संधी अशी चालत येईल हे सुलभाला वाटलं नव्हतं. एक शब्द. 'हो.' खोटाही नव्हता. हो, सांगितलं, भरल्या खोलीत, बाही ओढून, ओठ गिळून, सगळ्यांसमोर करून दाखवलं. एवढं म्हटलं की उद्यापासून मधल्या सुट्टीत वाचनालयाची खोली रिकामी. मुलगी रडेल, आणि रडायला कुणाजवळ येईल? घरात दुसरं आहे कोण? तो शब्द सुलभाच्या जिभेवर आला आणि खडीसाखरेसारखा तिथे थांबला. तिला त्याची गोडी लागत होती. स्वरदा तिच्याकडे बघत होती, आणि तिची उजव्या पावलाची बोटं, टेबलाखाली, डाव्या पावलावर चढली होती. ती कुणाची नक्कल नव्हती. ती खरी मुलगी होती, भ्यायलेली, आणि जी एक दांडी धरून ती उभी होती ती दांडी आई काढून घेते की काय हे बघत होती.

"नाही," सुलभा म्हणाली. "त्यांनी तुझं नावसुद्धा घेतलं नाही." शब्दाला शब्द खरं होतं ते. लखनौत राहून इतकं तरी जमायलाच हवं.

"मग तुला कसं कळलं?"

मी आई आहे तुझी, हे वाक्य तयार होतं. सगळ्या आयांजवळ असतं. सुलभाने ते उच्चारलं नाही. "मला नाहीच कळलं," ती म्हणाली. "तू सांग. कसंही सांग. अर्धं तसं, अर्धं असं. मला सगळं ऐकू येतं."

मग स्वरदा नकाशाकडे बघत म्हणाली, "मला ना, घबराहट होते. म्हणजे छातीत. आणि मग लगता है की..." तिने चोरून आईच्या हाताकडे पाहिलं. हात मांडीवर होता. सुलभाने दुसऱ्या हाताने तो धरून ठेवला होता. "...लगता है की सब देख रहे हैं." मग पुढचं आलं, तुटक, धेडगुजरी, सांगलीच्या पंगतीत हशा पिकला असता असं. फार नाही आलं. वीणाला जितकं माहीत होतं त्याच्या चौथाई असेल. बाकीचं तिकडेच राहणार, हे सुलभाला समजलं, आणि ते समजणं टेंपोतल्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखं टोचत राहिलं. ती म्हणाली, एक डॉक्टर आहेत, बाई आहेत, चांगल्या आहेत, जाऊ या. "वीणा मैम येतील?" स्वरदाने विचारलं. "येतील." स्वरदाने ब्रश पाण्यात बुडवला, ढवळला, पुन्हा ढवळला. "मग तू बाहेर बसशील?"

"तू रागावलीस?" असंही तिने लगेच विचारलं. सुलभा म्हणाली, "हो. थोडी. पण बसेन."

सोमवारी तिने स्टाफरूममध्ये वीणाला गाठून "ले चलिए" एवढंच सांगितलं, ते अशा आवाजात की जयसिंगसरांना वाटलं या दोघी बाजाराला निघाल्या. गुरुवारी त्या तिघी गेल्या. ओ.पी.डी.च्या कॉरिडॉरमध्ये फिनेलचा वास होता, भिंतीला टेकून लांब बाक होता आणि बाकावर बाराबंकीहून आलेली एक बाई झोपलेल्या मुलाला मांडीवर घेऊन शेंगा सोलत होती. शिपायाने नाव पुकारलं. स्वरदा उठली, वीणा उठली, सुलभा सवयीने अर्धी उठली आणि परत बसली. दार लागलं. स्वरदाचा स्वेटर तिच्या मांडीवर राहिला होता. बाराबंकीच्या बाईने विचारलं, "आपकी बिटिया है?" "हाँ." "और साथ में कौन गईं? मौसी?" "टीचर." "अच्छा," बाई म्हणाली आणि नीट निरखून पुढे म्हणाली, "हमको तो कोई बाहर बिठा दे तो हम दरवज्जा तोड़ दें." सुलभाने स्वेटरची घडी मोडून पुन्हा घातली. आत आता वीणा तिच्या शेजारी बसली असेल. पाठीवर हात असेल. डॉक्टर विचारत असतील, आणि स्वरदा अडली की वीणा तिचं वाक्य पुरं करत असेल, त्या लोण्यासारख्या आवाजात. यात वाईट काय आहे, असं सुलभाने स्वतःला विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं, की वाईट काहीच नाही, फक्त सहन होत नाही.

दार उघडलं. वीणा बाहेर आली, एकटीच, आणि दार मागे हलकेच लागलं. ती क्षणभर तिथेच उभी राहिली. ओढणी खांद्यावरून घसरून एका बाजूला लोंबत होती, ती तिने सावरली नाही. "क्या हुआ?" सुलभा घाबरून उठली. "कुछ नहीं, दीदी. सब ठीक है." वीणाने हसून दाखवलं, ते हसू ओठांवर नीट बसत नव्हतं. "बिटिया ने कहा, मैम, आप भी बाहर बैठ जाइए. हम खुद बता लेंगे." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "अच्छी बात है. यही तो हम चाहते थे."

सुलभाच्या आत आधी एक अत्यंत हलकट आनंद उसळला. इतका की तिला तोंड स्वेटरमध्ये खुपसावंसं वाटलं. मग तिने वीणाकडे पाहिलं. वीणा बंद दाराकडे बघत होती, डोळे ताणून, पलीकडचं काही दिसेल अशा आशेने, आणि तिच्या गालाचा एक स्नायू हलत होता. हा चेहरा सुलभाने गेले पाच दिवस घराच्या आरशात सकाळ-संध्याकाळ पाहिला होता. तो दुसऱ्याच्या तोंडावर बघायला मिळेल, आणि मिळाल्यावर त्याची कीव येईल, हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिने मानलं नसतं. आत स्वरदा बोलत होती. शब्द कळत नव्हते, पण आवाज थांबत नव्हता.

बाराबंकीच्या बाईने टरफलं गोळा करता करता दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "इनको भी निकाल दिया?" ती म्हणाली.

"हाँ जी," सुलभा म्हणाली. "इनको भी." आणि ती बाकावर थोडी सरकली.